गाणं सुरू झालं की बोलाव

अकोल्यात आमच्या भागात नळ आला की घरातलं बाकीचं सगळं थांबतं. त्या सकाळी नळ आला होता. मी मागच्या अंगणात ड्रममध्ये पाइप धरून उभा होतो आणि फोन आत टेबलावर वाजत होता. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी बायको तो हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अमरावतीहून गुरुजी आहेत."  गुरुजी म्हणजे माझ्या मित्राचे, मुकुंदचे वडील. ते कधी फोन करत नाहीत. समोरच्याचं तोंड दिसत नसेल तर बोलायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मी फोन घेतला. ते म्हणाले, "मुकुंद गेला." मी विचारलं, "कुठं गेला?" खरंच विचारलं. पन्नाशीच्या आतला माणूस जातो म्हणजे पुण्याला जातो, मुंबईला जातो. पलीकडून ते म्हणाले, "सकाळी चहा घेतला. कप खाली ठेवला. अन् गेला... तू ये." ड्रम भरून पाणी अंगणभर वाहत होतं. आमच्याकडं पाण्याचा थेंब सांडला तरी आरडाओरडा होतो, त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. त्याच्यावर लिहायला बसलो तर पहिली अडचण ही, की मुकुंद कोण होता हे एका ओळीत सांगता येत नाही. एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. लग्न केलं नाही. अमरावतीत अंबागेटच्या आत, वडिलांच्या घरी, वरच्या खोलीत राहायचा. आणि डबस्टेप नावाच्या एका इंग्लंडातल्या संगीतप्रकाराचा तो अख्ख्या वऱ्हाडातला बहुधा एकमेव जाणकार होता. या विषयावर त्याचं बोलणं ऐकणारा मीही एकमेव. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी अकोल्याहून एसटीनं यायचो, मूर्तिजापूरला गाडी थांबली की चहा घ्यायचो आणि दुपारपर्यंत त्याच्या खोलीत पोचायचो. तो तबकड्या लावायचा, मी ऐकायचो. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. मला ते संगीत आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हतं, आज तर ऐकवतही नाही. मुकुंदला हे ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. "तुले आवडलं पायजे असं कोन म्हनते? तू आयकून घे फक्त," असं तो म्हणायचा.

आमची ओळख गुरुजींच्या तबल्याच्या वर्गातली. गुरुजी मूळचे चांदूर बाजारकडचे. घरची शेती भावांकडं सोपवून शाळामास्तर म्हणून अमरावतीत आले आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत तबला शिकवू लागले. गुरुजींचा डग्गा बोलतो, असं आसपासची भजनी मंडळं म्हणत. डाव्या हातानं थाप मारून मनगट असं काही रेटत, की तो घुमारा खालून वर चढायचा आणि पुन्हा खाली उतरायचा. मला वडिलांनी तिथं टाकलं ते मी संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळू नये म्हणून. मी ढ निघालो. मुकुंद ढ नव्हता, त्याची तऱ्हा वेगळी होती. त्याचा उजवा हात कायम आळसावलेला आणि डावा हात डग्ग्यावरून उठायचाच नाही. बाकी पोरं कायदे-रेले घोटत असताना हा एकच थाप मारून तिचा आवाज पार मरेपर्यंत कान लावून बसायचा. गुरुजी तबल्याच्या हातोडीनं जमिनीवर ठोकत म्हणायचे, "उजव्या हाताले काई कामधंदा दे की बे. नुसता डग्ग्यावर बसून राह्यते कोंबडीवानी." आम्ही हसायचो. अकरावीत मुकुंदनं तबला सोडला. गुरुजींनी त्याला रागावलं नाही की परत बस म्हटलं नाही. त्या घरात न बोलणं हीच रीत होती, आणि ती दोघांनाही सारखीच येत होती.

पुढं तो इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, कंपनीनं लंडनला पाठवला. शहराच्या दक्षिण टोकाला क्रॉयडन म्हणून भाग आहे, तिथं भाड्यानं राहिला. नेमकं तेव्हाच आणि तिथंच, काही पोरं आपापल्या खोल्यांत बसून हे नवीन संगीत घडवत होती. एका सहकाऱ्यासोबत तो असाच एका तळघरात गेला आणि पार बदलून आला. त्यानं मला ते कितीतरी वेळा सांगितलं होतं. "आधी काई आयकूच नाई आलं. मंग छातीत आलं. कानात सगळ्यात शेवटी आलं." आईच्या दुखण्यासाठी तो सुट्टी घेऊन परत आला तो राहिलाच. आई वर्षभरात गेली. मी म्हटलं, आता जा की परत. तो म्हणाला, "बाबा एकटे पडतीन." खाली बाबा एकटे आणि वर हा एकटा, असा तो संसार सुरू झाला.

त्यानं खोलीत स्पीकरसाठी दोन मोठ्या पेट्या करून घेतल्या. बडनेरा रोडवरच्या फर्निचरवाल्याला मापं दिली. तो बिचारा पेट्या घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, कपाट त झालं, पन फळ्या कुठी टाकू?" पेट्या सुरू झाल्या त्या दिवशी खालच्या स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजली आणि शेजारच्या विमलकाकू धावत आल्या. "बोअरची मोटर चालू राह्यली वाट्टे तुमची. टाकी भरली असन, बंद करा." मुकुंदनं नम्रपणे सांगितलं की काकू, गाणं आहे. काकूंनी जरा कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "असन बापा. पन मोटर बी पाहून घे एकदा." त्यानंतर कितीतरी महिने पेट्या सुरू झाल्या की काकू भिंतीवरून डोकावून आमच्या मोटरचं बटण बंद आहे ना, हे बघून घ्यायच्या.

याच पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. मी तिथं होतो. मुकुंदनं गुरुजींना मुद्दाम वर बोलावलं होतं. खुर्ची पुसून ठेवली होती, चहा करून ठेवला होता. गुरुजी धुतलेला सदरा घालून आले, बसले. मुकुंदनं सुई ठेवली. आधी बराच वेळ नुसती एक सरसर, मग लांबून कुठूनतरी एखादा ठोका, त्याचा प्रतिध्वनी, मग जमिनीतून यावा तसा तो बेस. गुरुजी ताठ बसून समोर बघत होते. पेट्यांकडं पाहिलं, तबकडीकडं पाहिलं, मुकुंदकडं पाहिलं. चहा संपला. मग ते उठले आणि दाराशी जाऊन म्हणाले, "गानं सुरू झालं की बोलाव मले." आणि जिना उतरून गेले. मला हसू फुटलं. मुकुंद हसला नाही. त्यानं तबकडी तशीच चालू दिली आणि पुढं सबंध दुपार जेवढ्यास तेवढं बोलला. आपला बाप आपल्याला टोमणा मारून गेला, असं त्यानं धरलं. त्यानंतर त्याची एकच इच्छा उरली होती आणि ती तो मला निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिला. बाबांनी एकदा, फक्त एकदा, स्वतःहून वर यावं आणि एक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. आवडली नाही तरी चालेल. पण बोलावणं पुन्हा धाडायचं नाही, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं.

मला मात्र बोलावणं कायमचं होतं. आणि माझं नशीब असं, की त्याचं व्याख्यान दर वेळी जमैकापासून सुरू व्हायचं. तिथल्या वस्त्यांमध्ये वाजवणारी मंडळी परवडायची नाहीत, म्हणून लोक ट्रकवर पेट्यांच्या भिंती रचून मोकळ्या जागेत लावत आणि त्यापुढं नाचत. गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला तेच गाणं असायचं, पण गायकाचा आवाज काढून टाकलेलं. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाच त्यात गोडी लागली. गायक काढायचा, गिटार काढायची, खाली फक्त ढोल आणि बेस ठेवायचा, मधूनच गायकाचा एखादा शब्द परत सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी दूर दूर जाऊ द्यायचा. याला डब म्हणतात. त्या रिकाम्या झालेल्या जागेत एखादा पठ्ठ्या माइक धरून तालात बोलत सुटायचा. "आपल्याकडं पोळ्याले झडत्यांची कवनं म्हनते ना बे बैलांपुढं?" मुकुंद म्हणायचा. "डफडं थांबलं की एकजन आरोयी ठोकते? थेच हाय हे. फक्त बैल नाई."

मग ती माणसं कामधंद्यासाठी लंडनला गेली आणि त्यांच्यासोबत त्या पेट्याही गेल्या. त्यांच्या पोरांनी नव्वदीत जंगल नावाचा प्रकार आणला. त्यात ढोल पिसाळल्यासारखे धावतात आणि त्यांच्याखाली बेस मात्र सावकाश चालतो. त्यानंतर गराज आलं, गोड गळ्याचं, नटूनथटून नाचायला जायचं. त्यातले नेहमीचे काही ठोके गाळले की झालं टू-स्टेप, लंगडत चालणारं. आणि मग क्रॉयडनच्या पोरांनी त्या टू-स्टेपमधला गोडवा काढला, गाणारा काढला, आणखी ठोके काढले, आणि उरलेल्या अंधारात जमैकाचा तो जुना बेस आणून ठेवला. इथं पोचेपर्यंत दुपार कललेली असायची. मी दर वेळी म्हणायचो, "अरे, सगळंच काढलं. मंग उरलं काय?" आणि तो दर वेळी तितक्याच उत्साहानं म्हणायचा, "उरलं थेच त आयकाचं हाय लेका."

एकदा लग्नाच्या वरातींत डीजे लावणारा एक जण त्याचं नाव ऐकून आला होता. डबस्टेप अमेरिकेत जाऊन फार आरडाओरड करायला लागलं होतं, त्यातला तो करवतीसारखा घर्रर्र आवाज याला हवा होता. मुकुंदला त्या आवाजाची चीड होती, तरी दारी आलेला श्रोता त्याला सोडवेना. त्यानं बिचाऱ्याला जमैकापासून धरलं. जंगलपर्यंत येता येता डीजेवाल्याचे डोळे मिटायला लागले. शेवटी त्यानं हात जोडून विचारलं, "सर, हे सगळं बराबर हाय. पन वरातीले चालन का?" मुकुंद म्हणाला, "नाई चालनार. हे एकट्यानं आयकाचं हाय." डीजेवाला गेल्यावर तो खिडकीपाशी बराच वेळ उभा होता. 

अजून एक दुपार आठवते. गुरुजी गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाले होते. जिना मुकुंदच्या दारावरूनच जातो. आत तबकडी चालू होती. गुरुजी दम खायला पायरीवर थांबले, बादली खाली ठेवली आणि त्यांची बोटं कठड्यावर चालू लागली. मुकुंदनं माझा दंड धरला. "पाह्य... बाबा विलंबितात मोजून राह्यले." त्याचा स्वतःचा पाय मात्र बरोबर दुपटीत हलत होता. डबस्टेपची हीच गंमत, असं त्यानं मला पुष्कळदा समजावलं होतं. लय धावती असते, पण मोठा ठोका इतक्या अंतरानं पडतो की तुम्ही ती संथ मोजा की जलद, दोन्ही बरोबर. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या टाळक्यात शिरलं. मी खुणेनं म्हटलं, जा, आत बोलाव त्यांना. तो जागचा हलला नाही. त्याला वाटत होतं, आता येतील, आपण होऊन येतील. गुरुजींनी बादली उचलली आणि ते गच्चीवर गेले.

आमची शेवटची भेटही अशीच रविवारची. जेवण झालं होतं, पेट्या बंद होत्या. तो कधी नव्हे ते स्वतःबद्दल बोलला. "लोकाईले वाटते मी हे लंडनहून आनलं," तो म्हणाला. "मी अठून, या घरातून घेऊन गेलो होतो बे." लहानपणी सकाळी गुरुजी रियाजाला बसले की हा त्यांच्या डाव्या बाजूला फरशीवर गाल टेकून निजायचा. डग्ग्याचा घुमारा फरशीतून त्याच्या हाडांत यायचा. त्या तळघरात पहिल्यांदा बेस आला, खालून वर चढला आणि उतरला, तेव्हा त्याला जमैका आठवलं नाही. त्याला फरशीचा गारवा आठवला. "थो बाबाचा डावा हात होता. तिकडं जाऊन सापडला मले." मी विचारलं, "हे त्यांना सांगितलंस?" तो म्हणाला, "आधी एक तबकडी पुरी आयकू दे, मंग सांगीन. आधी सांगतलं त माह्या लाजेखातर बसतीन थे. तसं नाई पायजे." मग त्यानं मला बसस्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत थांबायची त्याची सवय नव्हती, त्या दिवशीही थांबला नाही.

तो गेल्यापासून मला एकटं वाटतं. घरात माणसं आहेत, मी शिकवतो त्या कॉलेजात पोरं आहेत, चहाला बसणारे चार दोस्त आहेत. पण जमैकापासून सुरू करणारा कोणी नाही. ज्या बोलण्याला मी मनातल्या मनात कंटाळायचो, त्याच्यावाचून माझा शेवटचा रविवार जात नाही. मूर्तिजापूरचा तो चहाही मला कधी आवडला नव्हता, आणि गेल्या रविवारी तो घेताना डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या प्रवाशानं विचारलं, "लय गरम हाय का?" मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी मी गेलो ते गुरुजींकडं. ऐंशीच्या पुढचा माणूस त्या घरात एकटा. जेवणाचा डबा विमलकाकू पाठवतात. चहा ते स्वतः करतात, त्यांनी तो केला. मी मुकुंदच्या शेवटच्या भेटीतलं सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, तरी कप रिकामा होईपर्यंत धीर झाला नाही. मग फरशीचं सांगितलं, डाव्या हाताचं सांगितलं, एक तबकडी पुरी ऐकण्याचंही सांगितलं. गुरुजी आपल्या डाव्या पंजाकडं बघत राहिले.

"मले काहून नाई सांगतलं त्यानं?"

"तुमी पयल्या दिवशी उठून गेले होते, गुरुजी. त्याले लागलं होतं थे."

"उठून गेलो म्हंजे?" त्यांनी मान वर केली. "सांगून गेलो मी. गानं सुरू झालं की बोलाव म्हनलं. खालती येऊन बसलो, सदरा बी नाई काढला. बोलावन म्हनून वाट पायली. दुसऱ्या दिवशी बी पायली... बोलावलंच नाई त्यानं. मले वाटलं, मशीन बिघडली असन. नाईतर मी आल्याचं त्याले पटलं नसन."

तबल्याच्या वर्गाबाहेर टोमणा मारण्याइतके शब्द खर्च करणारा हा माणूस नव्हता, हे इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी म्हटलं, "गानं सुरू झालेलंच होतं, गुरुजी. थेच गानं होतं."

"थेच?"

"हो."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, "चाल."

जिना चढायला वेळ लागला. खोली बंद असल्यानं कोंदट झाली होती. मी खिडकी उघडली. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण मुकुंदला ते करताना इतक्या वेळा पाहिलं होतं की हात आपोआप बटणांवर गेले. फिरकीवर त्यानं शेवटची लावलेली तबकडी तशीच होती. तिच्यावरच्या पांढऱ्या कागदावर कोणाचं नाव नव्हतं. सुई ठेवली. ती सरसर, तो लांबचा ठोका, मग बेस. गुरुजी खुर्चीवर बसले नाहीत. खाली सतरंजीवर मांडी घालून बसले, बैठकीला बसतात तसे. आधी त्यांनी मांडीवर बोटं धरली, काही आवर्तनं मोजली, मग मोजणं सोडून दिलं. डोळे मिटले नाहीत. एकदा मध्येच आवाज खालून चढत गेला तेव्हा त्यांचं मनगट किंचित हललं, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मी दाराशी उभा होतो. ते उठतील, आता उठतील, असं वाटत होतं. ते उठले नाहीत. तबकडी संपली, सुई मधल्या कागदाशी खरखरत राहिली, तेव्हा मी ती उचलली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पुरं?"

"पुरं झालं, गुरुजी."

त्यांनी मान हलवली. खिडकीतून खाली कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. मग ते अगदी सरळपणे, परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला सांगावं तसे म्हणाले, "नाई आवडलं मले."

"मले बी नाई आवडत," मी म्हटलं.

"तुह्यं सोड. माह्यं सांगून राह्यलो." ते मुकुंदच्या खुर्चीकडं बघत होते. "सम सापडत नाई याच्यात. हात बी माहा नाई हा, माहा हात इतका वेळ नाई थांबत. हे त्याले तोंडावर सांगतलं असतं ना, त चिडला असता तो. भांडला असता माह्यासंग, चांगला दिवसभर भांडला असता... आता हे नाई आवडलं म्हनून कोनाले सांगू मी?"